ओळ कुणाची, खूण कुणाची?

कागदी अर्जात कुटुंबाच्या माहितीसाठी पाच ओळी आखलेल्या असतात आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत एक सूचना असते : 'सदस्य अधिक असल्यास स्वतंत्र पुरवणी जोडावी. पुरवणीवर अर्जदाराचे नाव व सदस्यांचे अनुक्रमांक लिहावेत.' ही सूचना प्रथम ज्या कुणी लिहिली असेल, त्या अनामिक कारकुनाविषयी मला अलीकडे फार आदर वाटू लागला आहे. छापखान्याने पाच ओळी आखल्या म्हणून घरातली माणसे पाचच राहत नाहीत, हे त्याला नेमके ठाऊक होते.

तोच अर्ज संगणकाच्या पडद्यावर आला की पुरवणीची गरज उरत नाही. ओळींच्या खाली 'आणखी एक सदस्य' असे बटण असते. ते दाबले की नवी ओळ उमटते. पुन्हा दाबले की आणखी एक. कुणाच्या घरी दोन माणसे, तर कुणाच्या घरी अकरा. अर्ज भरणाऱ्याची सोय झाली; पण अर्ज स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमपुढे मात्र कोडे उभे राहिले. किती ओळी येणार हे त्याला आधी ठाऊक नसते. आलेल्या ओळी नीट मोजायच्या, एका ओळीतला मजकूर दुसऱ्या ओळीत मिसळू द्यायचा नाही, मधलीच एखादी ओळ कुणी खोडली तर खालच्या ओळी हरवू द्यायच्या नाहीत, हे सारे त्याने करायचे असते. जावा ह्या भाषेत लिहिलेल्या वेब-प्रोग्रॅमांत हे कसे साधतात, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

मराठीच्या विद्यार्थिनीने ह्या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. गेल्या वर्षी संध्याकाळच्या वेळात मी एका विश्वस्त संस्थेच्या कार्यालयात काम करीत होते. शुल्कसवलतीचा तिचा अर्ज मी जावात लिहिला. त्यातल्या माझ्या एका चुकीमुळे एका मुलीची सवलत अडली. चूक सापडायला एक दुपार लागली. ती का झाली हे नीट समजायला त्याहून कितीतरी अधिक दिवस लागले. त्या दिवसांत जे कळले, ते येथे मांडते.

तक्ता जातो कुठे?

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की पडद्यावर दिसणारा तक्ता सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझरमध्ये आपल्याला आडव्या ओळी दिसतात, उभे रकाने दिसतात. परंतु 'सादर करा' हे बटण दाबताच त्या साऱ्या रेषा पुसल्या जातात. सर्व्हरकडे पोहोचतात त्या केवळ जोड्या : रकान्याचे नाव आणि त्यातला मजकूर. 'नाते' बरोबर 'आजी', 'वय' बरोबर '७२', पुन्हा 'नाते' बरोबर 'वडील', पुन्हा 'वय' बरोबर '४८', अशी एकापुढे एक माळ. कोणते वय कोणत्या नात्याशेजारी बसले होते, हे त्या माळेत कुठेही लिहिलेले नसते.

ही पद्धत जुनी आहे. १९९५ च्या नोव्हेंबरात एचटीएमएल २.० ची नियमावली प्रसिद्ध झाली, तीत अर्जाचे हेच स्वरूप होते. आणि ब्राउझर आजही साधा अर्ज असाच पाठवतो. जावाकडे ही माळ हाताळण्याचे साधन आले ते १९९७ मध्ये, 'सर्व्हलेट' ह्या नावाने. सर्व्हलेटमध्ये दोन सोप्या आज्ञा आहेत. 'गेटपॅरामीटर' ही आज्ञा दिली की त्या नावाचा पहिला मजकूर मिळतो. 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज' म्हटले की त्या नावाचे सर्व मजकूर एका अ‍ॅरेत, म्हणजे एका रांगेत, मिळतात. त्या नावाचे काहीच आले नसेल तर रिकामी रांगसुद्धा मिळत नाही. मिळते ते 'नल', म्हणजे निव्वळ काहीच नाही.

नवशिक्याला ह्यातून जो मार्ग सुचतो तोच मला सुचला. सर्व ओळींतल्या नात्यांच्या रकान्याला एकच नाव द्यायचे : 'नाते'. सर्व वयांना 'वय', सर्व उत्पन्नांना 'उत्पन्न'. सर्व्हरवर तीन रांगा मागवायच्या. पहिल्या रांगेतला पहिला, दुसरीतला पहिला, तिसरीतला पहिला मिळून एक माणूस. सगळ्यांतले दुसरे मिळून दुसरा माणूस. ब्राउझर रकाने पानावरच्या क्रमानेच पाठवतो आणि मजकुराचा रकाना कोरा ठेवला तरी त्याच्या जागी कोरी जोडी पाठवतोच. त्यामुळे तीनही रांगा सारख्या लांबीच्या राहतात. माझा प्रोग्रॅम चालला. मला वाटले, जमले.

आजी शाळेत जाते

मग संस्थेने सांगितले, 'सदस्य सध्या शिक्षण घेत आहे काय, हेही विचारा.' मी प्रत्येक ओळीच्या शेवटी खूण करण्याचा एक चौकोन ठेवला. त्याला चेकबॉक्स म्हणतात. सर्व चौकोनांचे नाव 'शिकत'. आणखी एक रांग वाढली, इतकेच; असे मी समजले.

परंतु चेकबॉक्सचा स्वभाव निराळा आहे. खूण केली असेल तरच ब्राउझर त्याची जोडी पाठवतो. खूण केली नसेल तर 'नाही' असे पाठवत नाही, कोरी जोडीही पाठवत नाही. काहीच पाठवत नाही. एचटीएमएल ४ च्या नियमावलीत पाठवण्यास पात्र ठरणाऱ्या रकान्याला 'यशस्वी' असा शब्द होता. खूण नसलेला चौकोन म्हणजे अयशस्वी. त्याची दखलच नाही.

प्रोग्रॅम तपासताना मी तीन ओळी भरल्या आणि उत्साहाने तिन्हींवर खुणा केल्या. रांगा जुळल्या. पुढे कार्यालयातल्या एका बाईंनी एक अर्ज भरून पाहिला, तेव्हा प्रोग्रॅम मध्येच थांबला आणि जावाने तक्रार नोंदवली : रांगेच्या लांबीबाहेरची जागा मागितली आहे. नाती पाच होती, खुणा दोनच. तिसऱ्या माणसाची खूण मागायला गेल्यावर रांग संपलेली होती.

येथे मी जे केले त्याची मला आजही लाज वाटते. त्या तक्रारीचा अर्थ समजून घेण्याऐवजी मी तिचे तोंड बंद केले. 'जागेचा क्रमांक रांगेच्या लांबीपेक्षा लहान असेल तरच खूण पाहा, नाहीतर नाही असे समज,' अशी एक ओळ घातली. रांगच नसेल, म्हणजे 'नल' आले असेल, तर सर्वांना 'नाही'. तक्रार थांबली. अर्ज खुला झाला.

आता एका घराचे पाहा. अर्जदार मुलीने स्वतःखेरीज पाच सदस्य लिहिले : आजी, वडील, आई, धाकटी बहीण, धाकटा भाऊ. बहीण बारावीत आणि भाऊ आठवीत. म्हणून शेवटच्या दोन चौकोनांवर खुणा. सर्व्हरकडे 'शिकत'च्या दोन जोड्या आल्या. माझ्या प्रोग्रॅमने पहिली खूण पहिल्या माणसाला दिली आणि दुसरी दुसऱ्याला. नोंद झाली ती अशी : बहात्तर वर्षांची आजी शिकत आहे, अठ्ठेचाळीस वर्षांचे वडील शिकत आहेत, बहीण आणि भाऊ मात्र घरी बसले आहेत. संस्थेचा नियम होता, की पंचवीस वर्षांखालील शिकणारी भावंडे मोजायची आणि त्यावर सवलत ठरवायची. ह्या मुलीच्या घरात असे भावंड एकही निघाले नाही. पहिल्या यादीत तिचे नाव आले नाही.

ती मुलगी भावंडांच्या शाळांचे बोनाफाइड दाखले घेऊन कार्यालयात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, मी खुणा केल्या होत्या. मला नक्की आठवतंय." मी पडद्यावर तिचा अर्ज उघडला. आजीच्या नावापुढे खूण होती.

हजेरीचा दृष्टांत

हे नेमके काय घडले ते आपल्या वर्गावरून समजेल. समजा, सरांनी हजेरी घेताना रोल नंबर न पुकारता नुसते विचारले, 'हजर कोण?' आणि पाचांपैकी दोघांचा आवाज आला : 'हजर', 'हजर'. गैरहजर माणूस 'मी गैरहजर' असे ओरडू शकत नाही. सरांनी ते दोन 'हजर' घेऊन पटावरच्या पहिल्या दोन नावांपुढे मांडले, तर शेवटच्या बाकावरचे दोघे उगाचच गैरहजर ठरतील. दोष मुलांचा नाही आणि पटाचाही नाही. नाव न घेता दिलेला आवाज मोजून नावे ठरवू पाहणाऱ्या पद्धतीचा तो दोष आहे.

उपायही हजेरीतच आहे. रोल नंबरसकट उत्तर घ्यावे. चेकबॉक्सला आपण मजकूर नेमून दिला नाही तर ब्राउझर 'ऑन' हा एकच शब्द पाठवतो. त्याऐवजी प्रत्येक चौकोनाचा मजकूर म्हणून त्या ओळीचा क्रमांक नेमावा. मग दोन खुणा आल्या तर त्या 'ऑन, ऑन' अशा न येता '३, ४' अशा येतील. जावा शून्यापासून मोजते, तेव्हा ३ म्हणजे चौथी ओळ, बहिणीची. आणि ४ म्हणजे भावाची. आता संशयाला जागा नाही.

स्त्री-पुरुष असा एकच पर्याय निवडायच्या गोल बटणांचे, म्हणजे रेडिओचे, तर ह्याहून विचित्र होते. सर्व ओळींतल्या गोलांना एकच नाव दिले तर ब्राउझर साऱ्या तक्त्याला एकच प्रश्न समजतो. आजीपुढे 'स्त्री' निवडावे आणि वडिलांपुढे 'पुरुष' निवडायला जावे, तो आजीपुढची निवड आपोआप नाहीशी होते. तेथे प्रत्येक ओळीला वेगळे नाव दिल्यावाचून गत्यंतर नाही.

नावातच क्रमांक

मग सर्वच रकान्यांच्या नावात ओळीचा क्रमांक का घालू नये? जावाच्या जगात रुळलेली पद्धत हीच. रकान्याचे नाव नुसते 'वय' असे न ठेवता 'सदस्य[३].वय' असे ठेवायचे. चौकोनी कंसात ओळीचा क्रमांक, बिंदूनंतर रकान्याचे नाव. आता प्रत्येक जोडी आपला पत्ता बरोबर घेऊन प्रवास करते. माळ कशीही आली तरी 'सदस्य[३].वय' आणि 'सदस्य[३].शिकत' हे एकाच माणसाचे, हे ठरलेले. चौकोनावर खूण नसेल तर त्या पत्त्यावर काही येणार नाही. पण दुसऱ्या कुणाची खूण तेथे येऊन बसणार नाही.

असे नाव वाचून त्यातून माणूस उभा करण्याचे काम हाताने करता येते, तसे ते तयार चौकटींकडूनही करवून घेता येते. ह्या चौकटींत 'स्ट्रट्स' ही एके काळी फार वापरात होती. २००० साली ती अपाचे संस्थेकडे आली. तिच्या टॅगना 'इंडेक्स्ड' हा गुणधर्म दिला की पानावर कंसातले क्रमांक आपोआप उमटत. अडचण परतीच्या प्रवासात होती. सर्व्हरवर प्रत्येक वेळी नवा, रिकामा अर्ज तयार होई. त्यात सदस्यांची यादी रिकामी. स्ट्रट्स त्या यादीकडे तिसऱ्या क्रमांकाचा सदस्य मागे, आणि यादी उत्तर देई की असा कुणी नाही. प्रोग्रॅम तेथेच कोसळे. म्हणून लोक 'आळशी यादी' वापरीत. अपाचेच्याच कॉमन्स कलेक्शन्स ह्या संग्रहात ती मिळते. तिला एखादा सदस्य मागितला आणि तो नसला, तर ती त्याच क्षणी नवा कोरा सदस्य घडवून हाती देते. मागेपर्यंत काही करायचे नाही, म्हणून ती आळशी. ह्या पहिल्या स्ट्रट्सची देखभाल थांबल्याची घोषणा २०१३ साली झाली; परंतु तिच्यावर उभारलेल्या जुन्या प्रोग्रॅमांत ही युक्ती आजही पाहायला मिळते.

हल्ली अधिक वापरली जाणारी चौकट म्हणजे 'स्प्रिंग'. ती यादी स्वतःच वाढवते. 'सदस्य[३].वय' असे आले आणि यादीत तीनच जण असले, तर ती चौथा घडवते. काढून टाकलेल्या खुणेचाही तिने विचार केला आहे. समजा, गेल्या वर्षीच्या नोंदीत भावापुढे खूण आहे आणि यंदा ती काढली. ब्राउझर त्याविषयी काहीच पाठवणार नाही. मग जुनी खूण तशीच राहील. म्हणून स्प्रिंगचे टॅग प्रत्येक चेकबॉक्सबरोबर एक लपलेला सोबती ठेवतात. त्याचे नाव तेच, फक्त आधी एक अधोरेषा. सोबती आला आणि खूण आली नाही, तर स्प्रिंग समजते की चौकोन पानावर होता, पण कोरा होता. गैरहजर मुलाच्या वतीने शेजाऱ्याने 'तो आला नाही, सर' असे सांगावे, तसाच हा प्रकार.

मधला नंबर गळतो तेव्हा

क्रमांक घातले म्हणजे सारे आटोपले, असे मात्र नाही. अर्ज भरणारा माणूस चुकतो, ओळी घालतो, ओळी खोडतो. समजा, शून्य ते चार अशा पाच ओळी झाल्या आणि त्याने क्रमांक १ ची ओळ खोडली. आता उरले ०, २, ३, ४.

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम 'शून्यापासून मोजत जा, ओळ सापडेनाशी झाली की थांब' असा असेल, तर तो शून्य वाचून एकापाशीच थांबेल. खालची तीन माणसे गेली. काही जण 'एकूण ओळी चार' असा आकडा अर्जाबरोबर लपवून पाठवतात. तोही पुरत नाही. प्रोग्रॅम ० ते ३ पाहील. १ च्या जागी कुणीच नाही आणि ४ पर्यंत तो पोहोचणारच नाही. म्हणजे सगळ्यांत खालचा धाकटा भाऊ पुन्हा गळाला!

यादी आपोआप वाढवणाऱ्या चौकटींत कुणी गळत नाही. तेथे उलट एक माणूस वाढतो. स्प्रिंग मधल्या रिकाम्या जागी कोरा सदस्य घडवून ठेवते, तर ती आळशी यादी तेथे 'नल' ठेवते. हा भुताटकीचा सदस्य तसाच नोंदवला गेला, तर चार माणसांचे कुटुंब पाचांचे होते. दरडोई उत्पन्न काढायचे असेल तर ते कमी भरते आणि सवलत अपात्र घरी जाते. पहिल्या चुकीने एका मुलीचा हक्क गेला होता. ह्या चुकीने दुसऱ्या कुणाचा जाईल.

पुन्हा आपल्या पटाकडे वळू. वर्षाच्या मध्यात रोल नंबर १७ ने दाखला नेला, म्हणून १८ चा १७ होत नाही. जागा मोकळी राहते आणि हजेरी घेताना सर ती ओलांडून पुढे जातात. प्रोग्रॅमनेही तेच करावे. कंसातला क्रमांक हा मोजणीचा आकडा समजू नये. ती त्या ओळीची चिठ्ठी समजावी. आलेल्या सर्व नावांतून आधी चिठ्ठ्या गोळा कराव्यात, त्यांतून ज्या खरोखर आल्या त्याच ओळी बांधाव्यात, आणि मगच त्या मोजाव्यात. चौकटीने आपोआप भरलेल्या कोऱ्या जागा नोंदीपूर्वी काढून टाकाव्यात. ह्यात एक बारीक खाच आहे. चिठ्ठ्या क्रमाने लावताना त्या अक्षरांप्रमाणे लावल्या तर शब्दकोशासारखा क्रम येतो : ०, १, १०, ११, २. म्हणून त्यांचे आधी संख्येत रूपांतर करावे.

पाठवण्यापूर्वी पानावरच्या ओळींना नव्याने क्रमांक देऊन फटी बुजवण्याचाही एक मार्ग आहे, आणि पुष्कळ जण तो पत्करतात. तो चुकीचा नाही. पण सर्व्हरने त्यावर विसंबून राहू नये; कारण पानावरचे काम ब्राउझरमध्ये होते, आणि ब्राउझर आपल्या ताब्यात नसतो.

किती ओळी स्वीकाराव्यात?

ब्राउझर ताब्यात नसतो, ह्याचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. कुणी खोडसाळपणे 'सदस्य[९९९९९९९९९].वय' अशी एकच जोडी पाठवली तर काय होईल? यादी आपोआप वाढवणारा प्रोग्रॅम त्या एका जोडीपायी कोट्यवधी कोरे सदस्य घडवू लागेल आणि स्मृती संपून सर्व्हर आडवा होईल. म्हणून स्प्रिंगने यादी आपोआप वाढवण्याला मर्यादा घातली आहे. आपण बदलली नाही तर ती २५६ असते. त्यापलीकडचा क्रमांक आला की ती चूक दाखवून थांबते. तीनशे ओळींची खरी यादी असणाऱ्याने ही मर्यादा जाणूनबुजून वाढवावी. पण मर्यादाच नसावी, असे कधी म्हणू नये.

नुसत्या जोड्यांच्या संख्येनेही सर्व्हर बेजार होऊ शकतो. २०११ च्या डिसेंबरात बर्लिन येथे भरलेल्या एका परिषदेत हे जाहीरपणे दाखवण्यात आले. मुद्दाम जुळवलेल्या नावांच्या असंख्य जोड्या एका अर्जात कोंबल्या तर त्या ओळखून वेगळ्या ठेवण्यातच सर्व्हरचा जीव जातो, आणि ह्यातून जावासह अनेक भाषा सुटलेल्या नाहीत, असे त्यात निष्पन्न झाले. त्यानंतर जावाच्या टॉमकॅट ह्या सर्व्हरवर एका अर्जातल्या जोड्यांच्या संख्येला मर्यादा आली. आपला तक्ता लांबरुंद असेल तर ओळी गुणिले रकाने हा हिशेब आधी करून ठेवावा. नाहीतर शेवटच्या ओळी दारातच अडतील.

ओळ वेगळी, माणूस वेगळा

आता अखेरचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ओळीचा क्रमांक ही त्या एका अर्जापुरती ओळख झाली. ती माणसाची ओळख नव्हे. पुढच्या वर्षी तोच अर्ज नूतनीकरणासाठी उघडला आणि सदस्य वयाच्या क्रमाने मांडले, तर ३ क्रमांकावर बहीणच असेल असे नाही. म्हणून साठवलेल्या प्रत्येक सदस्याला एक कायमचा नोंदणी-क्रमांक असावा आणि तो ओळीबरोबर लपलेल्या रकान्यातून यावा. नोंदणी-क्रमांक आला तर जुनी नोंद सुधारायची, आला नाही तर नवी करायची.

मात्र लपलेला म्हणजे सुरक्षित नव्हे. पानावर न दिसणारा रकाना कुणालाही उघडून बदलता येतो. तेव्हा आलेला नोंदणी-क्रमांक ह्याच अर्जदाराच्या कुटुंबातला आहे काय, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी पडताळावे. नाहीतर एकाच्या अर्जातून दुसऱ्याच्या घरातील उत्पन्न बदलले जाईल.

आणि एखादा सदस्य आलाच नाही, तर तो खोडला असे समजायचे काय? मी तसे समजत नाही. पान अर्धवट उतरले असेल, ओळ मर्यादेत अडली असेल. न बोलणे म्हणजे नकार देणे नव्हे, हा धडा मी चेकबॉक्सकडून शिकले होते. म्हणून 'हा सदस्य कमी करा' अशी स्वतंत्र, उघड खूण मागावी आणि ती आली तरच नोंद काढावी.

हल्ली बरेच प्रोग्रॅम जोड्यांची माळ न पाठवता 'जेसन' ह्या लिपीबद्ध रूपात माहिती पाठवतात. तीत प्रत्येक सदस्य आपल्या सर्व रकान्यांसह एका महिरपी कंसात बांधलेला असतो, आणि खूण नसेल तर 'नाही' असे स्पष्ट लिहून पाठवता येते. ओळी मिसळण्याचा प्रश्न तेथे बराचसा सुटतो. नोंदणी-क्रमांक पडताळणे आणि ओळींची मर्यादा ठरवणे मात्र तेथेही चुकत नाही.

पुढे काय झाले

त्या संस्थेकडे त्रेसष्ट अर्ज आले होते. चूक उमगल्यावर मी मानले होते, की नोंदी दुरुस्त करणारा एखादा छोटा प्रोग्रॅम लिहू आणि मोकळे होऊ. पण तो लिहिता येईना. कोणत्या अर्जात किती खुणा होत्या, हे माझ्या नोंदींत बरोबर होते; त्या कुणाच्या होत्या, हे कुठेही उरले नव्हते. संख्या वाचली आणि माणसे हरवली. अखेर मी एकेका घरी दूरध्वनी केला. "नमस्कार, आपल्या घरात सध्या कोण कोण शिकतंय?" असे विचारत चार संध्याकाळी गेल्या. एका आजोबांनी मला बजावून सांगितले, "बाई, अर्जात सगळं लिहिलंय, तिथं बघा." त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या यादीत त्या मुलीचे नाव आले. तिच्याखेरीज आणखी सहा नावे आली, ती कुणी विचारायला आलेच नव्हते. त्या सहांचा विचार मनात आला की मला बेचैन होते. एक मुलगी दाखले घेऊन आली नसती, तर माझा प्रोग्रॅम आजही मुकाट्याने, कसलीही तक्रार न करता, आज्यांना शाळेत पाठवत राहिला असता.

तेव्हापासून असा कोणताही अर्ज लिहिला की मी तो पाच प्रकारे भरून पाहते : एकही ओळ न भरता, एकच ओळ भरून, अकरा ओळी भरून, मधली ओळ खोडून, आणि फक्त शेवटच्या ओळीवर खूण करून. ह्यांतला शेवटचा प्रकार मी पूर्वी केला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. आणि प्रोग्रॅम तक्रार करू लागला, तर ती गप्प करण्याआधी ती काय सांगते आहे ते ऐकते.

सुरुवातीला ज्या अनामिक कारकुनाचा उल्लेख केला, त्याची सूचना आता पुन्हा वाचावी. पुरवणी जोडा, एवढ्यावर तो थांबला नाही. पुरवणीवर अर्जदाराचे नाव लिहा, सदस्यांचे अनुक्रमांक लिहा, असेही त्याने सांगितले. टाचणी निघून कागद सुटा झाला तरी तो कुणाचा हे कळावे, ह्याची ती तजवीज होती. संगणकाच्या अर्जात तर प्रत्येक रकाना सुटाच प्रवास करतो.